आई घरात सारखी पडते, बाथरूमच्या टाइल्स बदलून फरक पडेल का?

तुमची आई 74 वर्षांची, घरात दोनदा पडली, नशिबाने हाड मोडलं नाही आणि आता तुम्ही सगळ्या टाइल्स उखडून अँटी-स्किड बसवायच्या विचारात आहात. माझं ऐका, टाइल्सचं नंतर बघू. आधी आईजवळ बसून नीट विचारा, दोन्ही वेळेस किती वाजले होते, कुठून कुठे निघाली होती, पाय घसरला की अडकला की डोळ्यांपुढे अंधारी आली. फक्त रागावून विचारू नका, नाहीतर "काही नाही गं, जरा तोल गेला" एवढंच ऐकायला मिळेल आणि पुढच्या वेळी पडल्याचं सांगणारच नाहीत. पासष्टीच्या पुढच्या माणसांत साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, तर यात आईची चूक वगैरे काही नसते.

आमच्या सासूबाई पडायच्या त्या कायम पहाटे, लघवीला उठल्या की. बीपीची गोळी रात्री, झोपेची गोळी रात्री, आणि घाईची लागली म्हणून झटकन उभं राहायचं. आडवं असताना बीपी ठीक आणि उभं राहिलं की धाडकन खाली, असं म्हातारपणी खूप जणांना होतं. घरी मशीन असेल तर आईला पाच मिनिटं पडू द्या, बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या, कोणीतरी शेजारी धरायला हवंच. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, लघवी जास्त होणारी गोळी, झोपेची गोळी, वडील असतील तर प्रोस्टेटची गोळी, सगळं. मनाने एकही गोळी बंद करू नका प्लीज. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी बदलल्या आणि झोपेची गोळी हळूहळू कमी करत नेली, त्यानेच निम्मं काम झालं. बी12 आणि मोतीबिंदू पण एकदा बघून घ्या, पायाला जमीन नीट कळत नसेल आणि डोळ्यांनी दिसत नसेल तर तोल राहणार कसा.

आता घर. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री दिवे बंद करून तुम्ही स्वतः चालून बघा, लगेच कळेल काय आड येतंय. पायपुसणं सरकतं, मोबाइलच्या चार्जरची वायर, आणि बाथरूमच्या दाराशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला तो छोटा उंबरा, फरशीच्याच रंगाचा, रात्री दिसतच नाही, त्यावर पिवळी नाहीतर लाल पट्टी चिकटवा. सेन्सरवाला छोटा दिवा प्लगमध्ये लावला की बटण शोधत चाचपडायला नको. झिजलेली स्लीपर फेकून द्या, मागे पट्टा असलेली आणा, गाऊन घोट्याच्या वर येईल असा शिवून घ्या.

बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती दोन स्क्रूवर असते, सगळं वजन पडलं की दांडीसकट माणूस खाली येतो. ग्रॅब बारच पाहिजे, म्हणजे धरून उठायचा मजबूत दांडा, आणि तो भिंतीत नीट ड्रिल करून, चिकटवायचा व्हॅक्यूमवाला नाही. कुठे लावायचा हे प्लंबरला ठरवू देऊ नका. आम्ही सासूबाईंना कपड्यांनिशी कमोडवर बसवलं, उठा म्हटलं, हात आपोआप भिंतीवर जिथे गेला तिथे पेन्सिलने खूण केली, आणि ती जागा प्लंबरने आधी दाखवलेल्या जागेपेक्षा वीतभर खाली आणि पुढे होती! आंघोळीला रबरी बूच असलेलं स्टूल, आणि कडी आतून लावायची नाही. दिवाळीत तेल लावून आंघोळ असते त्या दिवशी तर आधी जमिनीवरचं तेल साबणाने घासून काढा, मगच त्यांना आत जाऊ द्या.

सगळ्यात कळकळीने सांगते, "आता तू बसून राहा, आम्ही करतो सगळं" हे म्हणू नका. बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते आणि मग माणूस जास्तच पडतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम तयार केले, त्याने पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालेलं दिसलं आहे. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवून शिकून घ्या. तोपर्यंत खुर्चीतून शक्यतो हात न टेकता उठणं-बसणं आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, एवढं तरी रोज, तुम्ही बाजूला उभं राहून.

टाइल्स बदलायच्याच असतील तर खुशाल बदला, पण घरात तोडफोड चालू असेल तेवढे दिवस आईला बहिणीकडे वगैरे पाठवा, आणि परत पडल्याच तर ओढून उठवू नका, आधी कुठे दुखतंय विचारा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला लागलं असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.