रॅम सोळा जीबी, तरी गेम अडखळतोय

(वाचकांचे प्रश्न. या वेळी टपालात कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली छोटी पण झटपट मेमरी, आणि रॅमचीच गर्दी होती म्हणून सगळे त्यातलेच घेतलेत, प्रिंटरवाल्यांनी रुसू नका, पुढच्या वेळी तुमचं बघतो.)

प्रश्न : दादा, माझ्याकडं रायझन ५ ५५०० आहे, आरटीएक्स ३०६० कार्ड आणि १६ जीबी रॅमची एकच स्टिक. काउंटर-स्ट्राइक २ खेळताना कोपऱ्यात दीडशे-पावणेदोनशे एफपीएस (सेकंदाला फ्रेम) दिसतात, पण मॅच रंगात आली आणि चार-पाच जण एकदम समोर आले की गेम झटका मारतो आणि मी मेलेला असतो. रूमवरच्या मित्राकडं तेच कार्ड, प्रोसेसर तेवढा ५६००, त्याला असलं काही होत नाही. दोन्हीचे सहा कोअर, बारा थ्रेड, क्लॉक पण जवळजवळ सारखा. मग फरक कशाचा?
– एक इंजिनिअरिंगवाला, इचलकरंजी

उत्तर : भावा, बॉक्सवर कोअर आणि गिगाहर्ट्झ ठळक छापतात आणि एल३ कॅशकडं कोण बघत नाही, तुझा घोळ तिथंच आहे. ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश, ५५०० ला १६. नावात शंभराचा फरक आणि कॅश सरळ निम्मी.

आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवरचा कारागीर बघ, रोजची हत्यारं हाताशी ट्रेमध्ये असतात, कधीतरी लागणारी मागच्या कपाटात, आणि तिथं पण नसलं तर पोरग्याला शाहूपुरीतल्या दुकानात पिटाळायचं आणि तोवर मशीन बंद ठेवून बसायचं. कॅशचे तीन थर असतात, एल१ आणि एल२ म्हणजे ट्रे, एल३ कपाट, रॅम म्हणजे शाहूपुरी. आकड्यात सांगायचं तर एल१ मधनं डेटा यायला साधारण १ नॅनोसेकंद, एल३ मधनं दहाच्या आसपास आणि रॅममधनं सत्तर-ऐंशी. तुझा कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर पळत असला तर ७० नॅनोसेकंद म्हणजे जवळपास ३०० सायकल, तेवढ्यात शेकडो सूचना उरकल्या असत्या.

व्हिडिओ रेंडर करताना हे एवढं जाणवत नाही कारण तिथं डेटा ओळीनं येतो आणि प्रोसेसर पुढचं काय लागणार ते ओळखून आधीच मागवून ठेवतो. गेमचं तसं नसतं. प्रत्येक फ्रेमला कोण कुठं उभाय, गोळी कुणाला लागली, कुणाचा पाय कुठल्या पोझमध्ये आहे, कार्डाला काय काय काढायला सांगायचंय हे सगळं बघायला लागतं आणि ही माहिती मेमरीत इकडं तिकडं विखुरलेली, एकीचा पत्ता दुसरीत, दुसरीचा तिसरीत, त्यामुळं आधीच मागवून ठेवायला अंदाजच बांधता येत नाही. समोर माणसं वाढली की माहिती वाढते, १६ एमबीत मावत नाही, मग वरचेवर रॅमकडं धाव. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमला ६.९ मिलिसेकंद मिळतात, त्यात असल्या हजारो फेऱ्या पडल्या की फ्रेम उशिरा येते, आणि तो उशीर म्हणजे तुझा झटका. सरासरी एफपीएसमध्ये तो दिसणार पण नाही, त्यासाठी '१ टक्का लो' हा आकडा बघ, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम कशा गेल्या ते कळतं. यूट्यूबवर सरासरीचेच पट्टे दाखवून प्रोसेसर विकणाऱ्यांचा मला जाम राग आहे.

उपाय? प्रोसेसर लगेच बदलू नको. आधी तसलीच दुसरी स्टिक घाल, शक्यतो त्याच कंपनीची आणि त्याच स्पीडची. एका ३२०० स्पीडच्या स्टिकवर सेकंदाला २५.६ जीबी एवढीच वाट आहे, दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे दोन वाटांनी, चालल्या की ५१.२ होते. बोर्डाला चार स्लॉट असले तर सहसा प्रोसेसरपासनं दुसऱ्या आणि चौथ्यात घालायच्या, शेजारी शेजारी नाही, आणि बोर्डाचं पुस्तक एकदा उघडून खात्री कर. एवढं करून पण भागलं नाही तर त्याच एएम४ सॉकेटच्या बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५७००एक्स३डी प्रोसेसर बसतो, त्याला ९६ एमबी एल३ आहे. पण ते नंतर.

प्रश्न : दुकानदारानं ३२०० ची रॅम म्हणून दिली, टास्क मॅनेजरमध्ये २४०० दाखवतंय आणि सीपीयू-झेड या ॲपमध्ये तर १२०० च! फसवलं न्हवं?
– कागल

उत्तर : दुकानदाराला शिव्या घालायच्या आधी थांबा. डीडीआर रॅम एका क्लॉकला दोनदा डेटा देते आणि सीपीयू-झेड नुसता क्लॉक दाखवतं, म्हणून १२०० म्हणजे २४०० च. राहिला प्रश्न २४०० चा. बऱ्याच स्टिक चालू होताना सुरक्षित म्हणून कमी स्पीडवर उठतात, खरा स्पीड एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेला असतो आणि तो आपण चालू करायचा असतो, आपोआप होत नाही. पीसी चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोसमध्ये एक्सएमपी शोधा, काही एएमडी बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ असली तर एक्स्पो. चालू करा, सेव्ह करा, संपलं. डीडीआर४ वाल्या रायझनवर याचा दुहेरी फायदा, कारण आतला इन्फिनिटी फॅब्रिक (कोअर आणि रॅमला जोडणारा दुवा) रॅमच्या क्लॉकबरोबर चालतो, रॅम सुस्त तर तो पण सुस्त. चालू केल्यावर पीसी उठलाच नाही तर घाबरू नका, बोर्डावरचा सीमॉस (बायोसची सेटिंग जिथं साठवलेली असतात ते) क्लिअर केला की जुन्या स्पीडवर येतो.

किती जणांचे पीसी वर्षानुवर्षं असेच कमी स्पीडवर चाललेत देव जाणे. फुकटात मिळणारं लोक सोडतात आणि आरजीबी पंख्यांवर पैसे घालतात.

प्रश्न : राजारामपुरीत छोटा गेमिंग झोन काढतोय. ग्राफिक्स कार्डाचं बजेट नाही, रायझन ५ ५६००जी वरच भागवणार आहे. पीसीमागं १६ जीबीची एक स्टिक घेऊ का आठच्या दोन?
– होणारा मालक

उत्तर : आठच्या दोन. मालक, यात विचार करायचं कामच नाही. या चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते आणि प्रोसेसर एकाच रॅमच्या वाटेवरनं जातात, एका स्टिकवर दोघांची रेटारेटी होते. कार्डवाल्या पीसीला दुसऱ्या स्टिकनं थोडा फरक पडतो, तुमच्याकडं लई मोठा पडेल. एक्सएमपीचं वर सांगितलंय ते प्रत्येक पीसीवर करा.

प्रश्न : नमस्कार. मुलगा दहावीत आहे, पास झाल्यावर ९८००एक्स३डी प्रोसेसरच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलाय, त्यात कॅश जास्त आहे म्हणतो. आत्ताचा पीसी चार वर्षांचा आहे, मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा. गोष्टीवाले, मोठ्या चित्रांचे गेम खेळतो. एवढ्या खर्चाची खरंच गरज आहे का?
– एक आई, कळंबा

उत्तर : ताई, मुलगा माहिती बरोबर देतोय, मागणी तेवढी जरा उंच आहे.

एएमडीनं एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स३डी काढला, त्यात नेहमीच्या ३२ एमबी एल३ वर ६४ एमबीची आणखी एक चिप चढवली. गंमत म्हणजे त्याचा क्लॉक साध्या ५८००एक्स पेक्षा कमीच, ४.७ च्या जागी ४.५, रेंडरिंगमध्ये तो मागंच पडायचा, पण गेममध्ये बऱ्याच ठिकाणी पुढं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी आला त्यात कॅश कोअरच्या खाली घातली, त्यामुळं कोअरची उष्णता सरळ कूलरला जाते आणि क्लॉक पण वाढवता आला. फॅक्टोरिओ, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर असल्या गेमला या कॅशचा चांगलाच फायदा होतो.

पण तुमच्या मुलाच्या गेममध्ये बहुतेक वेळा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, आणि मॉनिटर सेकंदाला साठच फ्रेम दाखवणार. प्रोसेसर पुढं पळून कार्डाची वाट बघत बसेल, मग ९६ एमबी असो का ३२, काय फरक पडणार नाही. त्याला म्हणावं, गेममध्ये रिझोल्यूशन एकदम खाली कर आणि एफपीएस बघ. भरपूर वाढले तर अडचण कार्डाची, होते तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅमची. फ्रेमवर मर्यादा किंवा व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) लावलेलं असलं तर ते आधी काढायला सांगा, नाहीतर दोन्हीकडं साठच दिसतील आणि तो म्हणेल बघ आई मी सांगत होतो. शिवाय ९८००एक्स३डी घेतला तर बोर्ड नवा, रॅम डीडीआर५ ची नवी, तो खर्च त्यानं सांगितला नसणार.

प्रश्न : डीडीआर५ ६००० घेतली की डीडीआर४ ३२०० पेक्षा लेटन्सी (डेटा यायला लागणारा वेळ) निम्मी होते का?
– जयसिंगपूर

उत्तर : नाही. सीएलच्या आकड्याला (रॅमला डेटा द्यायला किती क्लॉक लागतात तो, स्टिकवर लिहिलेला असतो) २००० नं गुणा आणि स्पीडनं भागा. ३२०० सीएल१६ चं उत्तर १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३० चं पण १०. वाढते ती वाट, पोचायचा वेळ तेवढाच. ६००० सीएल४० स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारू नका, तिचे १३ च्या वर जातात.