जुना संगणक : हात लावावा की नाही?

आमच्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसातला वडिलांचा ४८६ संगणक वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडून आहे. न उघडता तसाच जपावा ना?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

नाही. या रविवारीच उघडा. त्या काळच्या पुष्कळ मदरबोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असे, बुटक्या नळकांड्यासारखी. म्हातारी झाली की ती गळते आणि आतला क्षार तांब्याच्या रेघा खातो. हिरवट-पांढरा थर दिसतोय? बॅटरी कापून काढा, जागा व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने. हार्डडिस्कच्या लेबलावरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे उतरवून ठेवा. बॅटरी गेली की संगणक ते विसरतो, मग सुरू होतानाच्या सेटअपमध्ये ते पुन्हा भरावे लागतील. काढलेल्या बॅटरीच्या जागी साधा बटनसेल मात्र टाकू नका. बोर्ड त्याला चार्ज करायला जाईल आणि तो फुटू शकतो. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना असतात, त्या शोधा.

मूळ स्थिती म्हणून ही बॅटरी जपायची, तर गाठोड्यातल्या चादरीबरोबर कसरही जपावी लागेल!

काकांचा ४८के स्पेक्ट्रम, म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक, आहे. नव्या टीव्हीवर चित्र येत नाही. दुरुस्तीवाला मागे भोक पाडून सॉकेट बसवतो म्हणतो.
– एक वाचक, जुळे सोलापूर

भोक पाडू देऊ नका. आतल्या चंदेरी डबीत मॉड्युलेटर आहे, तो चित्र यूएचएफच्या ३६व्या चॅनलवर पाठवतो. डबीतल्या तारा सोडवून कॉम्पोझिट सिग्नल, म्हणजे टीव्हीच्या एव्ही सॉकेटला चालणारं थेट चित्र, आहे त्याच सॉकेटला देता येतो. उद्या कुणाला जुना टीव्ही मिळाला, तर तारा परत जोडल्या की झालं. भोक बुजत नाही.

अॅडॉप्टर बदललात तर सांभाळा : ९ व्होल्ट, पण मधली पिन ऋण. हाताला लागेल तो अॅडॉप्टर खुपसू नका. आणि आतला ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ व्होल्टवर आणणारा भाग, आपल्या मे महिन्यात भलताच तापतो. त्याच तीन पायांवर बसणारा स्विचिंग रेग्युलेटर मिळतो, तो मी खुशाल लावतो.

पिवळी पडलेली कॅबिनेट हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवू का?
– विद्यार्थी, सोलापूर

सोलापूरचं ऊन फुकट आहे म्हणून मोह होतो खरा. पण पट्टे उमटतात, पिवळेपणा परतही येतो. पिवळेपणाने यंत्र मरत नाही. साबणपाण्याने पुसा, पुरे.

एक्सटी या जुन्या पीसीची २० एमबीची डिस्क गेली. त्याऐवजी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावलं तर पाप लागेल?
– निवृत्त शिक्षक

सर, मुळीच नाही. स्लॉटमधलं कार्ड उद्या काढता येतं. मी तर माझ्या एक्सटीतला मूळ ८०८८ प्रोसेसर काढून त्याच सॉकेटात एनईसीचा व्ही२० बसवलाय, थोडा वेगही वाढला. मूळ चिप आणि बंद डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, तारीख लिहून, कॅबिनेटसोबतच ठेवली आहे. तुम्हीही तसंच करा. भंगारवाल्याला तेवढी डिस्क देऊ नका.