दोन गावांची एक स्मशानभूमी

प्रश्न : करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमची दोन लागून गावं. महापुरात दोन्हींच्या स्मशानभूमी पाण्याखाली जातात. उंचावर मिळून एक करता येईल का?

उत्तर : येईल. आधी दोन्ही ग्रामसभांत सारखाच ठराव करा. मसुद्यातला शब्दही वेगळा नको. मग संयुक्त समिती नेमा. जागा गायरानातली असेल तर मागणी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पंचगंगेचं पाणी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी 43 फूट, पण 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या बरंच वर गेलं होतं. म्हणून त्या वर्षांच्या पूररेषेवरचीच जागा बघा, आणि रस्ताही. चौथरा कोरडा आणि वाट पाण्यात, असली शेड काय कामाची?

भांडण लागतं ते पैशावरून. सातबारा एका गावाचा, म्हणून दुसरं गाव हात आखडतं घेतं. शेड, रस्त्याचा खर्च लोकसंख्येनुसार आणि वर्षाची देखभाल अंत्यविधींच्या संख्येनुसार वाटा, तसं करारात लिहा. बांधकामासाठी जनसुविधा योजनेतून (ग्रामपंचायतींना अशा कामांसाठी मिळणारं सरकारी अनुदान) प्रस्ताव द्या. लिंगायत आणि इतर समाजांसाठी दफनाची जागा नकाशातच राखा.

एका दहनाला साधारण 3 ते 4 क्विंटल वाळलेलं लाकूड लागतं. शेणी (गोवऱ्या) असतील तर कमी. साठा मेमध्येच भरा, जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर. रक्षाविसर्जनाच्या घाईत तापलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जाळीवर पाणी ओतू देऊ नका, ती तडकते.

मृत्यूची नोंद मात्र मृत्यू झाला त्याच गावात, 21 दिवसांच्या आत.