नीट पुन्हा द्यायची, की सूक्ष्मजीवांच्या वाटेला जायचं?

गुहागर तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. घरची सुपारी-नारळाची वाडी, थोडं भात, भातानंतर कुळीथ. मुलगी बारावी सायन्स झाली. सीईटी दिली आहे, पण नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील इतके गुण नाहीत. वडील म्हणतात, वर्षभर थांब, पुन्हा दे. तिला मात्र माणसांच्या, जनावरांच्या, झाडांच्या अंगावर आणि पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करायचा आहे. “यात पोट भरेल का? की जन्मभर लॅबमध्ये लघवी-रक्त तपासत बसेल?” असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

लघवी-रक्त तपासणीचा अभ्यासक्रम वेगळा, त्याला डीएमएलटी म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही, पण तुमची लेक म्हणतेय ते हे नव्हे.

ती काय म्हणतेय ते तुमच्या शेतातच दिसेल. यंदा कुळथाचं एक रोप मुळासकट उपटून धुवा. मुळांवर बारीक गाठी असतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र रोपाला पुरवताहेत असं समजा. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातल्या प्रथिनाचा असतो. गोठ्यातली गाय पेंढा खाते, पण तो पचवतात तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव. आणि आपण? २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला, तेव्हा माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी निघाल्या. प्रतिजैविकांनी आतड्यातले चांगले जिवाणू मेले की काही रुग्णांना पुन्हा पुन्हा हगवण लागते. अशा रुग्णांसाठी निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या जिवाणूंपासून केलेल्या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लेकीला ज्याची ओढ लागली आहे ते शास्त्र खरं आहे, आणि अजून तरुण आहे.

आता पोट भरण्याचं. कुठली शाखा घ्यायची हे ठरवण्याआधी तुम्ही तिघं बसून एक गोष्ट ठरवा: घर तिला किती वर्षं देऊ शकतं? हे मी आग्रहाने सांगतेय. पूर्वी एका हुशार मुलाला मी घरची परिस्थिती न विचारता सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. सुचवलं. पदवी झाली, पुढे एम.एस्सी.ला पैसे उरले नाहीत, आणि नुसत्या बी.एस्सी.वर मनासारखं काम मिळेना. ती चूक माझी होती.

बाविशीच्या सुमारास कमावणं गरजेचं असेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातलं चार वर्षांचं बी.एस्सी. कृषी घ्या. पदवीनंतर बँकेतलं कृषी अधिकारीपद, राज्यसेवेच्या परीक्षा, स्वतःचं कृषी सेवा केंद्र, अशा वाटा लगेच खुल्या होतात. आणि सूक्ष्मजीवांचं दार बंद होत नाही, एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र किंवा कृषी सूक्ष्मजीवशास्त्र घेता येतं. पाण्याची आवड असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. कोळंबीच्या तळ्यात व्हिब्रिओ जिवाणू माजले की मालकाची झोप उडते, तिथे या विषयातली जाणकार माणसं लागतात.

आठ-दहा वर्षं देता येणार असतील, तर सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी., मग चांगल्या संस्थेतून एम.एस्सी., मग पीएच.डी. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण एम.एस्सी.पर्यंतचा खर्च घरालाच करावा लागतो. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, गोव्यात दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणी उन्हाळी प्रशिक्षणासाठी तिने आतापासून डोळे उघडे ठेवावेत. कुठल्याही वाटेने गेली तरी संगणक शिकायलाच हवा. मातीच्या चिमूटभर नमुन्यातून हजारो जातींचा डीएनए वाचून काढतात, आणि ती माहिती पायथन किंवा आर या संगणकाच्या भाषा येणाऱ्यालाच उलगडते. जीवशास्त्र घेणारी आपली मुलं इथेच मागे पडतात.

नीट पुन्हा देण्यात अर्थ आहे, पण ती जनावरांच्या बाजूला वळणार असेल तर. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश नीटवरच होतो. नुसत्या एमबीबीएसच्या आशेने, मन नसताना वर्ष घालवू नका. आणि गुळगुळीत माहितीपत्रक दाखवून लाखोंची फी मागणाऱ्या ‘बायोटेक’ कॉलेजात पैसे भरण्याआधी प्रयोगशाळा स्वतः पाहून या.

कृषीचे प्रवेश अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलात की पुढे दापोली. वडिलांनाही न्या. पावसात सुपारीला कोळेरोग लागतो आणि दरवर्षी बोर्डो मिश्रण फवारावं लागतं, हा प्रश्न त्यांचा आहे. वनस्पती रोगशास्त्र विभागात तो लेकीला विचारू द्या.