फोक्सवॅगनचं १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) म्हणजे १.० टीएसआयलाच एक सिलिंडर जास्त, असं आहे का?

नाही, नुसता सिलिंडर वाढवलेला नाही. घराणं मात्र एकच, फोक्सवॅगनचं ईए२११. जळगावात गॅरेजवर दोन्ही इंजिनं हाताखालून गेली आहेत. सिलिंडरचा व्यास दोन्हीत ७४.५ मिमी, टायमिंगला साखळीऐवजी बेल्ट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा भाग) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला. खरा फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो त्या अंतराचा: १.० मध्ये ७६.४, १.५ मध्ये ८५.९ मिमी. म्हणून तीन सिलिंडरांचं ९९९ सीसी ११५ पीएस, १७८ न्यूटन-मीटर देतं. चारांचं १४९८ सीसी १५० आणि २५०. चाळीसगावहून भरल्या गाडीनं कन्नड घाट चढा, फरक लगेच कळतो. हलक्या भाराला मोठ्यातले दोन सिलिंडर आपोआप बंदही होतात. आकडे भारतातल्या गाड्यांचे आहेत. बाहेरदेशी याच घराण्यात वेगळं ट्यूनिंग मिळतं, तेव्हा पार्ट मागवताना इंजिन कोड बघाच.