एसीचे व्हेंट पेन्शनमधून होतील, मल्टिस्टेटमधले 22 लाख आधी काढा

लातूरच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. वय 61, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, पेन्शन महिना 38 हजार, मुलगी सासरी, अंगावर कर्ज नाही. त्यांच्याकडे 1994 ची काँटेसा क्लासिक कार आहे, इसुझूच्या 1.8 पेट्रोल इंजिनची. डॅशबोर्डमधले एसीचे चारही व्हेंट, म्हणजे गार हवा येण्याची तोंडं, मोडलेत. पट्ट्या गळून पडल्यात, मधल्या जोडीची तर चौकटच तडकली आहे. पुण्यातल्या एका रिस्टोरेशनवाल्यानं नवे बसवून द्यायचे 38 हजार सांगितलेत. सर विचारतात की, यासाठी मल्टिस्टेटमधली, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेतली, ठेव मोडावी, की मॅनेजर म्हणतो तसं ठेवीवर साडेचौदा टक्क्यांनी कर्ज घ्यावं? व्हेंट झाले की गाडी सात-आठ लाखांना जाईल, असंही त्यांना कुणीतरी सांगितलंय.

सर, गाडीचं आधी उरकतो. 38 हजार देऊ नका. तीस वर्षं मराठवाड्याचं ऊन खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होणारच. डॅशबोर्ड उतरवताना तोच तडकला तर खर्च दुप्पट होईल. त्याआधी एक साधी तपासणी करा. एसी फुल्ल करून गाडी दहा मिनिटं चालवा आणि मधल्या व्हेंटच्या तोंडाशी थर्मामीटर धरा. हवा दहा-पंधरा अंशांवर आली तर ठीक. वीसच्या वरच राहिली तर दुखणं व्हेंटमध्ये नाही, गॅसमध्ये किंवा कॉम्प्रेसरमध्ये आहे. 1994 ची गाडी म्हणजे मूळची सिस्टीम आर-12 गॅसवरची असणार, आणि त्या गॅसचं उत्पादन भारतात 2008 मध्येच थांबलं. आर-134ए या नंतरच्या गॅसवर बदल करून घेतलाय का, ते मेकॅनिकला विचारा. व्हेंटच्या मागचा फोमही एकदा बघा. तो कुजला की गार हवा डॅशबोर्डच्या आतच मुरते आणि नवे व्हेंट लावूनही तोंडावर येत नाही.

एसी ठणठणीत असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात विचारून बघा. नाही मिळाले तर मोडलेल्यातला एक व्हेंट नीट चिकटवून नमुना करा आणि संभाजीनगरात थ्री-डी प्रिंट करून घ्या. फक्त प्लास्टिक एबीएस किंवा एएसए जातीचं सांगा. स्वस्त म्हणून पीएलएमध्ये करून देतील, पण ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर जातो, पट्ट्या आठवड्यात वाकतील. माझ्या अंदाजानं आठ-दहा हजारांत काम होईल. ते दोन महिन्यांच्या पेन्शनमधून करा. कर्ज नाही, ठेवही नाही.

सात-आठ लाखांचा विचार मात्र सोडून द्या. 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज, म्हणजे जुन्या जपलेल्या गाड्यांच्या खास नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला 2044 उजाडेल. तोवर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, आणि वीस वर्षांवरच्या कारला त्याची फी आता 10 हजार आहे. गाडी आवडते म्हणून ठेवा, जरूर ठेवा. तिच्याकडून परतावा मागू नका.

आता ज्या ओळीमुळे मी हे उत्तर तातडीनं लिहितोय, ती ओळ. तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘जानेवारीत 4 लाखांची पावती संपली. त्यातले 50 हजार मागितले तर मॅनेजर म्हणाले, सर, पैशे तुमचेच हायत, पळून चाललेत का? अर्धा टक्का वाढवून देतो, राहू द्या.’ पुढच्याच वाक्यात कळतं की ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्री आणि भविष्य निर्वाह निधी मिळून सगळे 22 लाख याच एका मल्टिस्टेटमध्ये आहेत, साडेबारा टक्क्यांनी.

मुदत संपलेले स्वतःचे 50 हजार मिळाले नाहीत आणि वर व्याज वाढवून मिळालं. सर, पैशाची चणचण असलेली संस्था असंच वागते. बीड, जालना, संभाजीनगरात मल्टिस्टेट आणि पतसंस्थांच्या बंद शटरसमोर पावत्या घेऊन उभे राहिलेले लोक तुम्ही पाहिलेत. त्यांनाही आधी ‘पुढच्या महिन्यात या’ असंच काहीतरी ऐकवलं गेलं होतं. तुमची संस्था बुडणारच असं मी म्हणत नाही. ती तरेल यावर 22 लाख लावू नका, एवढंच म्हणतो.

हिशोब बघा. 22 लाखांवर साडेबारा टक्क्यांनी वर्षाला पावणेतीन लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार. फरक 95 हजार, महिन्याला आठ हजार. मुद्दल एकदा गेलं तर हा फरक 23 वर्षं साठवल्यावर ते भरून येईल. तुमची पेन्शन चालू आहे. या आठ हजारांवाचून तुमचं काहीही अडत नाही.

या ठेवी घेणारा मल्टिस्टेटचा एजंट तुमचाच जुना विद्यार्थी आहे आणि त्यानं ‘केंद्र सरकारची नोंदणी आहे, पाच लाखांपर्यंत विमा आहे’ असं सांगितलं. नोंदणी खरी आहे, ती केंद्रीय सहकार निबंधकांकडे होते. पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे. आणि पाच लाखांचा ठेव विमा फक्त बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. हे अर्धसत्य गावोगावच्या निवृत्तांना कमिशनपोटी विकलं जातंय, याचा मला मनापासून संताप येतो. साडेबारा टक्के देणारी संस्था पंधरा-सोळानं कर्ज वाटल्याशिवाय जगू शकत नाही. त्या दरानं कर्ज घेतो कोण, तर ज्याला बँकेनं नाकारलंय तो.

तर सोमवारी शाखेत जा, आणि तोंडी बोलू नका. मुदत संपलेल्या 4 लाखांसाठी लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. पावती त्यांच्याकडे नूतनीकरणाला दिली असेल तर परत मागा. उरलेल्या 8 आणि 10 लाखांच्या दोन पावत्या मुदतीआधी मोडायचाही अर्ज त्याच दिवशी द्या. व्याजात एक-दोन टक्क्यांची कपात होईल, होऊ द्या. पैसे सरळ तुमच्या पेन्शनच्या बँक खात्यात मागा. 20 हजार किंवा त्याहून मोठी ठेव रोखीत परत देता येत नाही, त्यामुळे ‘थोडे थोडे रोख घेऊन जा’ याला हो म्हणू नका. प्रत्येक पावतीच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर केंद्रीय निबंधकांकडे तक्रार करा. 2023 च्या दुरुस्तीनंतर मल्टिस्टेटसाठी सहकार लोकपालही आहे. तरीही टाळाटाळ झाली तर लातूर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आणि 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा. पण त्या रस्त्यावर मालमत्तेची जप्ती आणि लिलाव होईपर्यंत वर्षं जातात, म्हणून अर्जाला एक दिवसही उशीर नको.

पैसे जसे येतील तसे पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. मर्यादा 30 लाखांची आहे, सगळे बसतील, दर तिमाहीला साधारण 45 हजार व्याज खात्यात येईल. नामनिर्देशन वहिनींच्या नावे करा. आणि अर्ज दिल्यावर मॅनेजर घरी येऊन साडेतेरा टक्के देऊ लागला, तर दोन्ही पावत्या घेऊन दुसऱ्याच दिवशी पुन्हा शाखेत जा.