लहान मुलांना रानघोडे आणि त्यांचं संवर्धन कसं समजावून सांगू?
आधी पुस्तक नको, खरा घोडा दाखवा. मी पुतणीला नदीकाठी वरातीच्या घोड्याजवळ नेलं, मानेवर लोळणाऱ्या आयाळीला हात लावू दिला आणि मग मोबाईलवर मंगोलियातल्या ताखी नावाच्या रानघोड्याचा फोटो दाखवला, त्याची आयाळ ब्रशसारखी ताठ उभी, कपाळावर झुलपं नाहीतच, फरक तिनेच ओळखला! मग गोष्ट सांगायची की १९६९ नंतर ताखी रानात दिसलाच नाही, प्राणिसंग्रहालयांत होते तेवढेच उरले, त्यांची शिंगरं वाढवून १९९२ पासून परत मंगोलियाच्या माळावर सोडायला लागले. ते घरी परत गेले हे मुलांना फार भिडतं. आणि कच्छच्या छोट्या रणातलं रानगाढव नक्की सांगा, ते घोड्याचं चुलत भावंडच आहे.